इंजिनिअर बेटमन आणि दोन शहरांचे पाणी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधील गिरणगावे ज्या वेगाने वाढत गेली त्या वेगाने त्यांच्या पाण्याची तजवीज कोणीच केली नाही. सांडपाण्याने नासलेल्या नद्या, त्यांच्या काठच्या विहिरी आणि खाजगी कंपन्यांच्या इजाऱ्यातील तुटपुंजे नळ यांवरच लक्षावधी कामकरी लोकांना गुजराण करावी लागे आणि पटकीच्या साथी त्यांतून वारंवार बळी नेत. या आपत्तीवर आपल्या विद्येने उपाय योजणाऱ्यांत जॉन फ्रेडरिक बेटमन यांचे स्थान मला फार वरचे वाटते.

बेटमन यांचा जन्म १८१० साली यॉर्कशर परगण्यात हॅलिफॅक्सजवळ झाला. मातामह मोरेव्हियन पंथाचे धर्मोपदेशक, शिक्षणही त्याच पंथाच्या शाळांत. पंधराव्या वर्षी ओल्डहॅम येथे एका भूमापकाच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी पत्करली आणि १८३३ मध्ये स्वतंत्र व्यवसाय मांडला. पुढे विख्यात यंत्रविशारद विल्यम फेअरबर्न यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला.

मँचेस्टरच्या पूर्वेस पेनाइन डोंगरांत एथरो नदीचे लाँगडेंडेल नावाचे खोरे आहे. डोंगरमाथ्यावर किती पाऊस पडतो आणि त्यातील किती पाणी नदीस मिळते याची मोजदाद करून, या खोऱ्यात एकाखाली एक जलाशय बांधावेत अशी योजना बेटमन यांनी १८४६ मध्ये आखली. नदीवर गिरणीमालकांचे वहिवाटीचे हक्क होते. त्यांची भरपाई म्हणून काही जलाशयांचे पाणी केवळ त्यांच्यासाठी राखून ठेवावे लागले. १८४८ मध्ये कामास आरंभ झाला, १८५१ मध्ये शहरात पाणी पोहोचले. पण काम संपले म्हणावे तर ते संपेना. डोंगरउतार ढासळून खाली सरकत, आणि वुडहेड येथील मातीच्या धरणाच्या बुडातून पाणी झिरपत राही. अशा वेळी डागडुजी करून मक्तेदारावर ठपका ठेवणे सोपे होते. बेटमन यांनी तसे केले नाही. जुन्या बांधाच्या खालच्या अंगास अभेद्य थर लागेपर्यंत खोल चर खणवून त्यांनी दुसरा बांध घातला आणि तो १८७७ मध्ये पुरा झाला. आरंभापासून समाप्तीपर्यंत २९ वर्षे एकाच खोऱ्याची जबाबदारी वाहणारा इंजिनिअर विरळाच.

ग्लासगोचे काम मात्र अवघ्या साडेतीन वर्षांत झाले. वॉल्टर स्कॉट यांच्या काव्याने कीर्ती पावलेल्या कॅट्रिन सरोवराचे पाणी शहरात आणावे, या प्रस्तावास आरमार खात्याने हरकत घेतली. फोर्थ नदीचा ओघ मंदावून नौकानयन बिघडेल असे तिचे कारण होते. पहिले विधेयक बारगळले, परंतु १८५५ मध्ये पार्लमेंटची मंजुरी मिळाली आणि खाजगी कंपन्यांचा कारभार नगरपालिकेच्या हाती आला. सुमारे २६ मैलांच्या मार्गापैकी निम्मा बोगद्यांतून गेलेला, उतार मैलास केवळ १० इंच, आणि खडक इतका कठीण की सुरुंगांच्या अखंड गडगडाटामुळे कामगारांनी आपल्या वस्तीस क्रिमियातील रणभूमीवरून सेबास्टोपोल हे नाव दिले. वाटेत पाणी उपसणारे एकही यंत्र नाही. सर्व प्रवास उताराच्या बळावर. १४ ऑक्टोबर १८५९ रोजी भर पावसात व्हिक्टोरिया राणीने सरोवरातून पाणी सोडले. १८६६ मध्ये पटकी पुन्हा ब्रिटनमध्ये आली तेव्हा ग्लासगोत पूर्वीच्या साथींच्या मानाने फारच थोडे बळी गेले. ज्या अज्ञात हातांनी तो खडक फोडला त्यांचेही ऋण या ठिकाणी मान्य केले पाहिजे.

उत्तरायुष्यात मानमरातब ओघाने आले: रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेचे अध्यक्षपद. १८७१ च्या पीतज्वराने हादरलेल्या ब्यूनोस आयरिस शहरासाठीही त्यांनी पाणी व मलनिःसारण यांची योजना आखली. मला मात्र त्यांची १८८४ सालची कृती, मँचेस्टरच्या जलव्यवस्थेचा त्यांनी स्वतः लिहिलेला इतिहास, या साऱ्याहून मोलाची वाटते. कारण यशाइतकीच अडचणींची हकीकत तीत नोंदलेली आहे, आणि पुढील पिढीच्या धरणकारांस तिचाच अधिक उपयोग होता.

१८८९ मध्ये बेटमन निवर्तले. मँचेस्टरसाठी थर्लमिअर सरोवरातून पाणी आणण्याची जी योजना त्यांनी पुढे मांडली होती ती त्यांचे सहकारी जॉर्ज हेन्री हिल यांनी १८९४ मध्ये तडीस नेली. आणि कॅट्रिनचे पाणी ग्लासगोकर आजही पितात.