इस्लाम : उदय, श्रद्धा आणि आरंभीचा प्रसार

इ. स. च्या सातव्या शतकात पश्चिम अरबस्तानातील हेजाझ प्रांतात उदय पावलेला एकेश्वरवादी धर्म. ईश्वरेच्छेला संपूर्णपणे शरण जाणे हा या धर्माचा गाभा असून, महंमद पैगंबर (सु. ५७०–६३२) यांच्या मुखाने प्रकट झालेले कुराण हा त्याचा मूलाधार होय. प्रस्तुत नोंदीत या धर्माचा उदय, त्याची मुख्य श्रद्धास्थाने आणि पहिल्या तीन शतकांतील त्याचा प्रसार एवढ्याचाच विचार केला आहे. हा इतिहास वाचताना एक भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो : अरबांचे राज्य ज्या वेगाने पसरले त्या वेगाने इस्लाम धर्म पसरला नाही. या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन्ही पक्षांच्या लेखनात पुष्कळ विपर्यास शिरला आहे.

सातव्या शतकाच्या आरंभी अरबस्तानच्या उत्तरेस दोन बलाढ्य साम्राज्ये परस्परांशी झुंजत होती. कॉन्स्टँटिनोपलचे बायझंटिन साम्राज्य आणि इराणचे सासानी साम्राज्य यांच्यातील ६०२ ते ६२८ पर्यंत चाललेल्या युद्धाने दोघांचाही खजिना आणि दोघांचेही मनुष्यबळ निकालात काढले. ६१४ मध्ये इराणी फौजांनी जेरुसलेम घेतले, आणि पुढे हेराक्लियस या बायझंटिन सम्राटाने सारा गमावलेला मुलूख परत मिळविला, तरी त्या जयाचा उपभोग घेण्याइतके त्राण त्याच्या राज्यात उरले नव्हते. खुद्द अरबस्तानात एकछत्री सत्ता अशी नव्हतीच. माणसाच्या जीविताला हमी मिळे ती त्याच्या टोळीची. खून पडला तर त्याचा सूड किंवा त्याची भरपाई घेणे हे टोळीचे कर्तव्य असे, आणि टोळीबाहेरच्या माणसाला वाली नसे. मक्का हे ओसाड डोंगरांमधले, शेतीला निरुपयोगी असे गाव. परंतु तेथील काबा या पुरातन देवस्थानामुळे आणि त्याभोवतीच्या पवित्र महिन्यांतील शस्त्रसंधीमुळे तेथे यात्रा भरत, आणि कुरैश टोळीतील सावकार-व्यापारी हिवाळ्यात येमेनकडे व उन्हाळ्यात सीरियाकडे तांडे पाठवीत. हुबल, अल्-लात, अल्-उझ्झा, मनात इत्यादी देवतांची उपासना सर्वत्र रूढ होती. अल्लाह हे सर्वश्रेष्ठ देवाचे नाव अरबांना इस्लामपूर्व काळीही परिचित होते. येमेनमध्ये व यस्रिब येथे ज्यू, आणि नजरान येथे ख्रिस्ती लोकांची वस्ती होती.

महंमदांचा जन्म याच कुरैश टोळीच्या हाशिम घराण्यात झाला. पिता अब्दुल्ला त्यांच्या जन्मापूर्वीच वारले होते, माता आमिना त्यांच्या सहाव्या वर्षी निवर्तली, आणि त्यानंतर आजोबा अब्दुल मुत्तलिब व चुलते अबू तालिब यांनी त्यांचा सांभाळ केला. खदीजा नावाच्या सधन विधवेचा व्यापार त्यांनी सचोटीने सांभाळला आणि पुढे तिच्याशीच त्यांचा विवाह झाला. चाळिशीच्या सुमारास, ६१० च्या रमजान महिन्यात, मक्केनजीकच्या हिरा गुहेत चिंतनमग्न असता जिब्रील या देवदूताकरवी आपणास पहिला ईश्वरी संदेश मिळाला, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यांच्यावर विश्वास ठेवणारी पहिली व्यक्ती खदीजाच होती. मागोमाग चुलतभाऊ अली, मुक्त केलेला गुलाम झैद आणि मित्र अबू बक्र हे त्यांना येऊन मिळाले.

आरंभीच्या संदेशांत एका ईश्वराची भक्ती आणि अंतिम निवाड्याची जाणीव यांबरोबरच अनाथांचा छळ करणाऱ्या व गरिबाला अन्न न घालणाऱ्या धनिकांचा निषेध इतक्या प्रखरपणे येतो, की मक्केच्या सावकारांना त्यात केवळ देवतांचा नव्हे, तर आपल्या प्रतिष्ठेचाही अधिक्षेप दिसावा यात नवल नाही. निराश्रित अनुयायांचा छळ सुरू झाल्यावर त्यांपैकी काहींनी ६१५ च्या सुमारास समुद्रापलीकडे ॲबिसिनियाच्या ख्रिस्ती राजाचा आश्रय घेतला. ६१९ मध्ये खदीजा आणि अबू तालिब हे दोघेही वारले व महंमदांचे मक्केतील संरक्षण संपुष्टात आले.

यस्रिब येथे औस व खझ्रज या दोन टोळ्यांमधील वैर वर्षानुवर्षे चिघळत होते, आणि तेथील लोकांना तटस्थ असा मध्यस्थ हवा होता. त्यांच्या निमंत्रणावरून ६२२ मध्ये महंमदांनी मक्का सोडून यस्रिबला प्रयाण केले. यालाच हिजरत म्हणतात. इस्लामी कालगणना याच वर्षापासून धरली जाते, आणि यस्रिबचे नाव पुढे मदीना असे रूढ झाले. तेथे झालेल्या करारनाम्याने मक्केहून आलेले निर्वासित, स्थानिक साहाय्यक आणि त्यांच्याशी संलग्न असलेले ज्यू यांना एका समुदायात गोवले आणि तंट्यांचा निवाडा महंमदांकडे सोपविला. रक्ताच्या नात्याऐवजी श्रद्धेच्या नात्यावर उभारलेला हा समुदाय ही इस्लामने अरबस्तानाला दिलेली सर्वांत मोठी देणगी होय, असे म्हणावयास हरकत नाही. हा सलोखा मात्र टिकला नाही : बद्र (६२४), उहुद (६२५) व खंदक (६२७) येथील मक्केकरांशी झालेल्या संघर्षांच्या काळात कैनुका व नझीर या ज्यू टोळ्यांना मदीना सोडावी लागली, आणि शत्रूशी संगनमत केल्याच्या आरोपावरून कुरैझा टोळीतील पुरुषांना देहान्त शासन झाले. प्रार्थनेची दिशा जेरुसलेमकडून काब्याकडे वळली तीही याच काळात.

६२८ मधील हुदैबिया येथील तहाचा प्रसंग महंमदांच्या मुत्सद्देगिरीवर विशेष प्रकाश टाकतो. यात्रेसाठी निघालेल्या मुसलमानांना कुरैशांनी मक्केच्या वेशीवर अडविले. तहनामा लिहिताना महंमदांच्या नावापुढे ‘ईश्वराचा प्रेषित’ ही शब्दयोजना येताच कुरैशांचा वकील सुहैल याने हरकत घेतली; ते मान्य असते तर आम्ही लढलोच कशाला, असा त्याचा रोकडा सवाल होता. लेखक अली ती अक्षरे पुसावयास तयार होईना, तेव्हा महंमदांनी ती स्वतः पुसली आणि केवळ पित्याच्या नावासह आपले नाव लिहविले. अनुयायांना मानहानिकारक वाटलेल्या या दहा वर्षांच्या तहाने पुढील दोन वर्षांत तलवारीपेक्षा अधिक माणसे इस्लामकडे आणली. कुरैशांच्या मित्रटोळीने तह मोडल्यावर ६३० मध्ये मक्का जवळजवळ रक्तपाताविना हाती आली. काब्यातील मूर्ती भंगविण्यात आल्या, आणि बहुतेक जुन्या वैऱ्यांना अभय मिळाले. ६३२ मध्ये अखेरची हजयात्रा करून परतल्यावर महंमद मदीना येथे दिवंगत झाले.

इस्लामच्या श्रद्धांमध्ये ईश्वराच्या एकत्वाला सर्वोच्च स्थान आहे. ईश्वर एकमेव, निराकार आणि अजन्मा आहे, त्याला अपत्य नाही आणि जोडीदार नाही. त्याच्या बरोबरीने दुसऱ्या कोणास पूज्य मानणे हे महत्तम पाप होय. देवदूत, ईश्वरप्रणीत ग्रंथ, प्रेषित, अंतिम निवाड्याचा दिवस आणि ईश्वरी नियती यांवरील विश्वासही श्रद्धावानाला आवश्यक मानलेला आहे. अब्राहम, मोझेस, येशू यांना इस्लाम प्रेषितच मानतो आणि महंमदांना त्या परंपरेतील अखेरचे प्रेषित समजतो. येशूचे ईश्वरपुत्रत्व मात्र त्याला अमान्य आहे. महंमद स्वतः मानव होते, पूज्य देवता नव्हेत, यावर या धर्माचा सतत कटाक्ष आहे.

आचारधर्माचे पाच आधारस्तंभ सांगितले जातात. ईश्वराचे एकत्व व महंमदांचे प्रेषितत्व यांची ग्वाही, दिवसातून पाच वेळा नमाज, रमजान महिन्यातील रोजे आणि ऐपत असल्यास जन्मातून एकदा हज हे त्यांपैकी चार होत. पाचवा जो जकात, त्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. कारण शिलकी संपत्तीचा चाळिसावा हिस्सा गोरगरीब, ऋणको, वाटसरू इत्यादींसाठी काढून देणे हे येथे दात्याच्या मर्जीवर सोडलेले दान नसून घेणाऱ्याचा हक्क मानलेला आहे. भटजी किंवा पाद्री यांसारखा दीक्षित पुरोहितवर्ग बहुसंख्य मुसलमानांच्या सुन्नी पंथात नाही. जाणकार असा कोणीही मुसलमान नमाजाचे पुढारपण करू शकतो.

कुराणात ११४ अध्याय असून, ते सुमारे तेवीस वर्षांच्या अवधीत प्रसंगाप्रसंगाने प्रकट झाले. त्यांची मांडणी कालानुक्रमाने नाही. पहिला छोटा अध्याय सोडल्यास स्थूलमानाने दीर्घ अध्याय आधी व लहान नंतर अशी आहे. सलग वाचणाऱ्या नवख्या वाचकाचा त्यामुळे गोंधळ होतो. त्याने मक्केतील ओजस्वी लहान अध्याय आधी वाचणे श्रेयस्कर. महंमदांचा तिसरा खलीफा, म्हणजे उत्तराधिकारी, उस्मान याच्या कारकिर्दीत, ६५० च्या सुमारास, या ग्रंथाची प्रमाणप्रत सिद्ध झाली. महंमदांच्या उक्ती व कृती यांच्या आठवणींना हदीस म्हणतात, बुखारी (मृ. ८७०) व मुस्लिम (मृ. ८७५) यांचे संग्रह सुन्नी पंथात सर्वाधिक प्रमाण होत. या सामग्रीतून विद्वानांनी जे धर्मशास्त्र रचले त्याच्या हनफी, मालिकी, शाफिई व हंबली या चार सुन्नी शाखा आजतागायत चालू आहेत.

महंमदांनंतर अबू बक्र (६३२–६३४) यांनी बंडखोर टोळ्यांचा मोड केला, आणि उमर (६३४–६४४) यांच्या अमलात अरब फौजा उत्तरेकडे लोटल्या. यर्मूकच्या लढाईने (६३६) सीरिया व कादिसियाच्या लढाईने इराक हाती आला, जेरुसलेमने शरणागती पत्करली, ६४२ पर्यंत इजिप्त आणि नहावंदच्या लढाईनंतर इराणचा मार्ग मोकळा झाला. दीर्घ युद्धाने गलितगात्र झालेली साम्राज्ये आणि करांनी व धर्मच्छलाने त्रासलेली सीरिया-इजिप्तमधील प्रजा ही या विलक्षण यशाची बाह्य कारणे, तर टोळ्यांची आपसांत खर्च होणारी शक्ती प्रथमच एका ध्येयाखाली एकवटली हे आंतरिक कारण होय.

जिंकलेल्या मुलखाचा कारभार कसा चाले याचा अस्सल पुरावा इजिप्तमधील एका पपायरसाच्या तुकड्यावर सुदैवाने आजही उपलब्ध आहे. हिजरी सन २२ मधील, म्हणजे ६४३ च्या एप्रिलातील, ही पावती ग्रीक व अरबी अशा दोन्ही भाषांत लिहिलेली असून, अरब सरदाराने आपल्या फौजेसाठी ६५ मेंढ्या रयतेकडून घेतल्याची नोंद तीत आहे. जिंकून अवघे वर्ष झालेल्या प्रांतात सेनापती घेतलेल्या जनावरांची लेखी पोच देतो, आणि तिचा ग्रीक भाग जुने कारकूनच लिहितात, यावरून जुनी दफ्तरे, जुने दरकदार आणि जुनी वहिवाट विजेत्यांनी कायम ठेवली होती हे उघड होते. उमरांनी दिवाण, म्हणजे सरकारी दफ्तर, स्थापून सैनिकांना वसुलातून तनखे बांधून दिले, आणि बसरा, कूफा, फुस्तात अशा नव्या छावण्यांत त्यांना वेगळे वसविले. ज्यू, ख्रिस्ती व पुढे जरथुश्त्री प्रजेने जिझिया (डोईपट्टी) व जमिनीचा खराज भरावा आणि आपला धर्म पाळावा, अशी ही व्यवस्था होती. तीत समता नव्हती. परंतु सक्तीचे धर्मांतर हा तिचा हेतू नव्हता.

किंबहुना धर्मांतराने वसूल घटतो हे ध्यानी आल्यावर पुढे सत्तेवर आलेल्या उमय्या घराण्याच्या काही सुभेदारांनी इस्लाम स्वीकारलेल्या रयतेकडूनही जिझिया घेणे चालू ठेवले! या नवमुसलमानांना कोणत्या तरी अरब टोळीचे आश्रित म्हणून राहावे लागे. दुसरा उमर (७१७–७२०) या सत्त्वशील खलीफाने हा अन्याय दूर करण्याचा यत्न केला. तथापि आश्रितांचा असंतोष धुमसतच राहिला, आणि उमय्यांचा पाडाव करून ७५० मध्ये अब्बासी घराणे सत्तेवर आले त्यात या असंतोषाचा मोठा वाटा होता. इराणात मुसलमान बहुसंख्य होण्यास नववे-दहावे शतक उजाडले. ज्या पिढ्यांनी हा बदल घडविला त्यांनी तो व्यापार, विवाह, नोकरी, विद्वत्ता, करांतून सुटका आणि साधुपुरुषांचा सहवास अशा नाना कारणांनी घडविला.

दरम्यान समुदायातच फूट पडली होती. उस्मान यांची हत्या (६५६), चौथे खलीफा अली व उमय्या घराण्याचा मुआविया यांच्यातील सिफ्फीनची लढाई (६५७) आणि अलींची हत्या (६६१) यांमागोमाग ६८० मध्ये पैगंबरांचे नातू व अलींचे पुत्र हुसेन करबला येथे आप्तस्वकीयांसह मारले गेले. नेतृत्व अलींच्या वंशातच असावे असे मानणारा शिया पंथ या घटनेने भावनिकदृष्ट्या कायमचा वेगळा झाला. दमास्कसच्या उमय्या खलीफांपैकी अब्दुल मलिक (६८५–७०५) याने जेरुसलेमची घुमटवास्तू उभारली, दफ्तरात अरबी भाषा आणली आणि राजप्रतिमांऐवजी धर्मवचने कोरलेली नाणी पाडली. तेव्हापासून हे राज्य बाह्यतःही इस्लामी दिसू लागले. ७११ या एकाच वर्षी या राज्याची शस्त्रे स्पेनमध्ये व सिंधमध्ये पोचली.

सिंधच्या दक्षिणेस ही लाट थोपली गेली. अवनिजनाश्रय पुलकेशी या लाट देशाच्या (दक्षिण गुजरात) चालुक्य राजाने ‘ताजिक’ म्हणजे अरब सैन्याचा पराभव केल्याचे त्याच्या नवसारी ताम्रपटावरून (७३९) कळते. परंतु सैन्य जेथे अडले तेथे व्यापारी पोचले. अरब लेखक दख्खनच्या राष्ट्रकूट राजांना ‘बल्हरा’ म्हणत आणि मुसलमानांशी त्यांची वागणूक सर्वाधिक सलोख्याची असल्याचे लिहीत. ९१६ च्या सुमारास चौल येथे आलेल्या मसऊदी या अरब प्रवाशाने तेथील मोठ्या मुसलमान वस्तीची आणि राजाने नेमलेल्या तिच्या प्रमुखाची नोंद केली आहे. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेला शके ८४८ चा (९२६) ताम्रपट तर याहून बोलका आहे : राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण मंडळाचा कारभार पाहणारा अधिकारी मधुमती, म्हणजेच महंमद, हा ताजिक असून, त्याने नद्यांवर तरी ठेविल्या, भात, कालवण व तूप मोफत वाढणारे अन्नसत्र घातले, आणि एका मठाला देवीच्या नैवेद्यासाठी जमीन लावून दिली. समुद्रमार्गे आलेल्या या जुन्या संबंधाची खूण म्हणून, देशावरील बहुसंख्य मुसलमान हनफी असता कोकणी मुसलमान मात्र अरबी किनाऱ्यांवर रूढ असलेली शाफिई शाखाच आजही पाळतात.