खाणींतले ठोके आणि कागदावरचे ठसे

इंग्लंडच्या नकाशांत नैर्ऋत्येस जें निमुळतें टोंक अटलांटिक महासागरांत घुसलेलें दिसतें, तें कॉर्नवॉल होय. त्याच्या तीन बाजूंस समुद्र आहे आणि चौथ्या बाजूस टेमर नदी त्यास डेव्हन परगण्यापासून जवळजवळ तोडून टाकते. येथील लोकांची मूळ भाषा इंग्रजी नव्हे. ती वेल्श व ब्रेतां या केल्टिक भाषांची बहीण. माउझल गांवची डॉली पेंट्रीथ ही मासे विकणारी म्हातारी १७७७ सालीं वारली आणि तिच्याबरोबर ती भाषा जन्मापासून बोलणारें शेवटचें माणूस गेलें, असें परंपरा मानते. भाषा गेली, पण त्या भाषेंत वाढलेलीं भुतेंखेतें मात्र इंग्रजी शिकून मागें राहिलीं. या अदृश्य मंडळींना चेहरा कसा मिळाला, आणि तो मिळाल्यावर त्यांचें काय झालें, हा इतिहास विचार करण्याजोगा आहे.

कॉर्नवॉलच्या भूमींत कथील आणि तांबें यांच्या शिरा आहेत. शेंकडों फूट खोल, मेणबत्तीच्या उजेडांत खडक फोडणाऱ्या माणसांना कधीं कधीं दुसऱ्याच कोणाचे तरी घण ऐकूं येत. हे 'नॉकर', म्हणजे ठोके मारणारे. ते बुटके, सुरकुतलेल्या तोंडाचे, हातीं खाणवाल्याचीं हत्यारें घेतलेले असतात, असें सांगत. परंतु त्यांना पाहिलेला मनुष्य विरळा, ऐकलेले पुष्कळ. ठोके पडतात तेथें धातूची भरदार शीर असते, असें कोणी म्हणत. छत कोसळण्यापूर्वीं ते सावध करतात, असें कोणी म्हणत. त्यांची मर्जी राखण्याचे नियम होते. खाणींत शीळ घालावयाची नाहीं, क्रुसाची खूण करावयाची नाहीं, आणि शिदोरींतला एक तुकडा त्यांच्यासाठीं टाकावयाचा. टॉम ट्रेव्हॉरो नांवाच्या खाणवाल्यानें तुकडा मागणाऱ्या आवाजास नकार दिला; पुढें त्याचीं हत्यारें आणि फोडून ठेवलेलें खनिज दरडीखालीं गडप झालें, अशी कथा आहे.

या ठोक्यांचा उलगडा करणें विज्ञानास अवघड नाहीं. वरच्या खडकाचा भार पडला कीं आधाराचीं लांकडें करकरतात, झिरपणारें पाणी टपकत राहतें, दगड हळूहळू बसत जातो. पण या उलगड्यानें भुताची बाजू लंगडी पडत नाहीं. लांकूड बोलूं लागलें कीं हात थांबवून कान द्यावा, हा धडा नॉकराला भिणारा पोर कोणी न शिकवतां शिकत असे. आणि भिण्यासारखें तेथें होतेंच. १९१९ च्या २० ऑक्टोबरला, समुद्रतळाखालीं पसरलेल्या लेव्हंट खाणींत माणसांना वर आणणारें यंत्र तुटून ३१ जण ठार झाले. जेथें भाकरीची वाट अशा अंधारांतून जाते, तेथें करंजीच्या घाटाच्या पेस्टीचा एक कोपरा सोडणें ही कांहीं फार महाग खंडणी नव्हे.

या कथा पूर्वीं पोथ्यांत नव्हत्या, लोकांच्या तोंडीं होत्या. गांवोगांव फिरून जेवण व रात्रीचा निवारा यांच्या मोबदल्यांत गोष्टी सांगणारे 'ड्रॉल-टेलर' असत. क्यूरी गांवचा आंधळा अँथनी जेम्स हा त्यांतलाच एक. त्याच्याजवळ एक फिडल असे आणि सोबतीस एक मुलगा व एक कुत्रा. सांगणारा आंधळा, ऐकणारे शेकोटीच्या अपुऱ्या उजेडांत बसलेले. तेव्हां प्रत्येकाचें भूत ज्याच्या त्याच्या मनांतलें असे. पुढें काळ पालटला. १८५९ सालीं टेमर नदीवर रेल्वेचा पूल झाला, शाळा वाढल्या, छापील करमणूक घरांत आली. १८६६ च्या सुमारास तांब्याचा धंदा कोसळला आणि खाणवाल्यांचीं कुटुंबें जगभर पांगलीं. अमेरिकेंत त्यांनीं आपल्याबरोबर नॉकरांनाहि नेलें. १८८० नंतर म्हैसूर संस्थानांतील कोलारच्या सोन्याच्या खाणींवरहि कॉर्नवॉलचे कसबी कामगार येऊन उतरले. ऐकणारे कान असे विखुरल्यावर गोष्टी टिकवावयाच्या तर कागदाखेरीज दुसरा आसरा नव्हता.

हें काम अंगावर घेणारा रॉबर्ट हंट (१८०७–१८८७) हा शास्त्रज्ञ होता, ही मौजेची गोष्ट आहे. १८४५ पासून तो सरकारच्या खाणविषयक दप्तराचा प्रमुख होता. कोणत्या खाणींतून किती टन कथील निघालें याचा हिशेब ठेवणारा हा गृहस्थ त्याच खाणींतल्या भुतांचीहि नोंद ठेवी. १८२९ सालीं, ऐन तारुण्यांत, भटकंती करून गोळा केलेल्या कथांत भर घालीत त्यानें १८६५ सालीं आपला कथासंग्रह प्रसिद्ध केला आणि त्यासाठीं लंडनचा विख्यात व्यंगचित्रकार जॉर्ज क्रूकशँक याच्याकडून चित्रें करून घेतलीं. त्यांत बोल्स्टर राक्षसाचें चित्र आहे: एक पाय सेंट ॲग्नेसच्या टेकडीवर, दुसरा सहा मैलांवरील कार्न ब्रे डोंगरावर. धातूच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन सुईनें रेघा ओढाव्या, तेजाबानें त्या रेघा खोल खाव्या, त्यांत शाई भरून ओलसर कागद दाबून ठसा उचलावा, अशी ही कला. ठसा उचलला गेला आणि बोल्स्टर कायमचा ठरून गेला. तोंवर जितके श्रोते तितके राक्षस होते. आतां राक्षस एक आणि प्रती अनेक.

दुसऱ्या एका कोरणाऱ्या हाताची कहाणी करुण आहे. पेन्झॅन्सचा जॉन टॉमस ब्लाइट (१८३५–१९११) हा त्या भागांतील जुने क्रूस, उभ्या शिळा व देवळें यांचीं चित्रें स्वतः काढी आणि लांकडावर स्वतःच कोरी. या कामास अतिशय कठीण लांकडाचा आडवा छेद घेतात. पोलादी टोंकानें जें कोरून काढावें तें कागदावर पांढरें राहतें, जें शिल्लक ठेवावें तें काळें उमटतें. शिवाय सारें उलटें. एक रेघ घसरली तर कित्येक दिवसांची मेहनत फुकट. लँड्स एंडच्या परिसरावरील त्याचें सचित्र पुस्तक १८६१ सालीं निघालें, तेव्हां तो पंचविशीच्या घरांत होता. पुढें दहा वर्षांतच त्याच्या बुद्धीस भ्रंश झाला आणि १८७१ सालीं त्यास बॉडमिनच्या वेड्यांच्या इस्पितळांत ठेवावें लागलें. त्यानंतर तो चाळीस वर्षें जगला. भुतांनीं त्याला झपाटलें, असें म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. एक कुशल हात थांबला, एवढेंच खरें. १८८० सालीं विल्यम बॉट्रेल यानें आपल्या कथासंग्रहाचा तिसरा भाग काढला, तेव्हां त्यांतील चित्रें जोसेफ ब्लाइट या जॉनच्या भावानें काढलीं.

विसाव्या शतकांत एका चित्रकर्तीनें निराळी वाट धरली. इथेल कहून हिचा जन्म १९०६ सालीं हिंदुस्थानांत, शिलाँग येथें झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिनें कॉर्नवॉलमधील लामोर्ना खोऱ्यांत आपली चित्रशाळा थाटली, आणि १९५७ सालीं 'द लिव्हिंग स्टोन्स' हें त्या भूमीवरील पुस्तक लिहिलें. ओल्या रंगावर दुसरा कागद दाबून तो उचलावयाचा आणि जो डाग आपोआप उमटेल त्यांतून चित्र शोधावयाचें, ही तिची एक आवडती रीति होती. अशा डागांवर तिनें १९४९ सालीं लेखहि लिहिला. क्रूकशँकनें भुताला चेहरा दिला. कहूननें कागदापुढें बसून तो चेहरा येण्याची वाट पाहिली. अंधारांत कान देऊन बसलेल्या खाणवाल्याशीं तिचें नातें अधिक जवळचें आहे.

आजचे कॉर्नवॉलमधील मुद्राचित्रकार या कामासाठीं बहुधा लिनोलियम वापरतात. जवसाचें तेल व बुचाचा भुसा यांपासून १८६० च्या सुमारास फ्रेडरिक वॉल्टन यानें शोधून काढलेली ही जमिनीवर अंथरावयाची वस्तु. ती मऊ असल्यामुळें साध्या कोरणीनें कापतां येते; शाईचा रूळ फिरवून, कागद ठेवून, चमच्याच्या पाठीनें घासूनहि घरच्या टेबलावर ठसा निघतो. दर ठशाखालीं पेन्सिलीनें क्रमांक व सही असते. झेनॉरच्या देवळांतील बांकावर सुमारें पांचशें वर्षांपूर्वीं कोरलेली, हातीं आरसा व फणी घेतलेली मत्स्यकन्या. कोळी ज्याच्यासाठीं वाळूवर मासा ठेवून जात तो बुक्का. भोंक पडलेल्या शिंपल्यानें डोझमेरी तळें उपसण्याची शिक्षा भोगणारा ट्रेगीगल. असे सारे या ठशांत पुनःपुन्हां येतात. न कोरलेला भाग काळा उमटत असल्यामुळें कारागिराला काळोखांतून आरंभ करून एकेक टवका काढीत उजेड करावा लागतो. खाणवाल्याचें काम याहून फारसें निराळें नव्हतें.

१९९८ सालीं साउथ क्रॉफ्टी ही कॉर्नवॉलमधील शेवटची चालू असलेली कथिलाची खाण बंद पडली. २००१ सालीं कोलारचीहि पाळी आली. २००६ सालीं कॉर्नवॉलच्या खाणींच्या प्रदेशाची जागतिक वारशांत गणना झाली. म्हणजे जें रोजच्या पोटापाण्याचें होतें तें जपून ठेवण्याचें झालें. भुतांचेंहि तेंच झालें. भिंतीवरच्या चौकटींतला नॉकर कोणाच्या शिदोरींतला तुकडा मागत नाहीं, आणि कोणाला वेळीं सावधहि करीत नाहीं. हें नुकसान लहान नव्हे. तथापि ज्यांनीं तीं लांकडें, ते पत्रे, तें लिनोलियम हातानें कोरलें, त्यांनीं एक गोष्ट वांचविली. भूमीच्या पोटांत माणसें भीत भीत उतरत होतीं, त्या अंधारांतहि आपल्या घांसांतला वांटा दुसऱ्यासाठीं ठेवीत होतीं, याची आठवण त्या काळ्या शाईंत राहिली आहे. ठोका ऐकणारे गेले. ठसा पाहणाऱ्यानें तेवढें ओळखलें तरी त्या हातांचें चीज झालें.