गच्चीवरच्या टाकीचे ऊन

तारापूर अणुवीज केंद्राची व्यावसायिक वीजनिर्मिती २८ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाली आणि या किनाऱ्यावर पाण्याचे तापमान ही मोजून सांभाळायची बाब झाली. टर्बाइनमधून आलेली वाफ निववायला अरबी समुद्राचे पाणी आत घेतात, ते कोमट होऊन परत जाते. समुद्र गार असला की वीजनिर्मितीला फायदाच होतो.

तारापूरजवळच्या बोईसरच्या घरांत पाण्याच्या तापमानाचा हा हिशेब फार उशिरा आला, कारण विहिरीने तो आधीच सोडवला होता. जमिनीच्या पोटातले पाणी मे महिन्यातही फारसे तापत नाही. कळशीतले पाणी फडक्याने गाळायचे, गढूळ असेल तर तुरटी फिरवायची आणि माठात ओतायचे. माठातून पाझरलेला ओलावा हवेत उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो. किनाऱ्याच्या दमट हवेत हे काम जरा सावकाश होते, तरी होते.

पुढे इथली औद्योगिक वसाहत, एमआयडीसी, वाढली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात पहिले आले. अशा ठिकाणी बोअरच्या पाण्यावर भरवसा ठेवणे कठीणच. नळाचे पाणी गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीत चढू लागले आणि ओट्यावर आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) फिल्टर आला.

आरओचा पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, लोब आणि सौरीराजन या दोघांनी १९५९-६०च्या सुमारास कॅलिफोर्नियात घडवला. मेम्ब्रेनची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजतात. त्याखाली दर अंशाला पाण्याचा वेग साधारण तीन टक्क्यांनी घटतो, म्हणून थंडीत भांडे सावकाश भरते. उन्हाळ्यात उलटे घडते: पाणी भरभर येते, पण त्याबरोबर क्षारही जास्त निसटतात. बोईसरला खरी काळजी याच दिवसांची. घरगुती मेम्ब्रेनला ४० ते ४५ अंशांपुढचे पाणी सोसत नाही आणि भर दुपारी उघड्या टाकीतून, तापलेल्या पाइपातून येणारे पाणी त्या मर्यादेकडे सरकते.

फिल्टर बसवताना टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) आवर्जून मोजतात, तापमान क्वचितच. खरे तर आधी टाकीवर छप्पर घालावे, उन्हातला पाइप झाकावा, गिझरच्या लाइनला आरओ कधीच जोडू नये. रात्रभर निवलेले पाणी पहाटे गाळून भरून ठेवले, तर मेम्ब्रेनवरचा ताणही कमी होतो.