बिनेची चाचणी धारवाडला आली तेव्हा

काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात एक जोडपे आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. हातात अहवाल होता, त्यात बुद्ध्यंक 68. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि चाचणी मात्र इंग्रजीतून घेतलेली. ‘डॉक्टर, हा आकडा खरा धरायचा का?’ असे वडिलांनी विचारले. मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. ते शोधताना जो इतिहास वाचला, तो येथे मांडतो.

नेहमीच्या वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचे काय करावे, हे ठरवण्यासाठी फ्रान्स सरकारने 1904 साली एक समिती नेमली. त्यातूनच आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांची 1905 ची चाचणी जन्मली. कोणत्या मुलाला जादा मदत हवी, एवढेच तिने सांगायचे होते. बुद्धी जन्मभर तितकीच राहते, असे बिने मानत नव्हते. 1911 साली ते वारले आणि चाचणी इतरांच्या हाती गेली.

अमेरिकेत हेन्री गोडार्ड यांनी 1913 साली ती न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, बोटीतून उतरणाऱ्या परदेशी लोकांवर वापरली. ही माणसे प्रवासाने थकलेली होती आणि प्रश्न दुभाष्याच्या तोंडून ऐकत होती. तपासलेल्या ज्यू, इटालियन, हंगेरियन आणि रशियन लोकांपैकी सुमारे 80 टक्के मंदबुद्धी ठरले. पुढे पहिल्या महायुद्धात तेथे सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची सामुदायिक चाचणी झाली. ‘क्रिस्को म्हणजे काय?’ हा त्यातला एक प्रश्न. क्रिस्को हे तेथील वनस्पती तुपाचे व्यापारी नाव. नुकत्याच आलेल्या शेतकऱ्याला ते कसे ठाऊक असणार? जितकी वर्षे अमेरिकेत, तितके गुण जास्त, असेच आकडे सांगत होते.

मानसशास्त्रातले दोन शब्द येथे उपयोगी पडतात. तीच चाचणी पुन्हा घेतली असता निकाल जवळपास तसाच येणे म्हणजे विश्वसनीयता. जे मोजायचे तेच मोजले जाणे म्हणजे सप्रमाणता. दुकानदाराचा काटा दर वेळी नेमके शंभर ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर त्याचे उत्तर बदलत नाही, पण ते खरेही नसते. क्रिस्कोचा प्रश्न दहा वेळा विचारला तरी उत्तर तेच येईल. मोजला जाईल तो अमेरिकेतला मुक्काम.

आपल्या भागाने यातून धडा घेतला, तो व्ही. व्ही. कामत यांच्यामुळे. टर्मन यांनी 1916 साली बिनेच्या चाचणीची अमेरिकी आवृत्ती काढली होती. कामतांनी ती नुसती भाषांतरित केली नाही. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडात कन्नड आणि मराठी मुलांना तपासून त्यांनी तिचे प्रमाणीकरण केले. 1934 साली ते काम ब्रिटिश नियतकालिकात आणि 1940 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. सीमाभागातल्या मुलाला त्याच्याच भाषेत विचारावे आणि त्याच्याच बरोबरीच्या मुलांशी ताडून पाहावे, हा तो विचार.

पण मानकेही जुनी होतात. जेम्स फ्लिन यांनी 1980 च्या दशकात दाखवले, की अनेक देशांत पिढीगणिक सरासरी गुण वाढत गेले. त्यामुळे जुन्या मानकांवर आजचे मूल आहे त्यापेक्षा हुशार दिसते, आणि ज्याला मदत हवी तेच मूल सुटून जाते. कामतांची चाचणी पुढे अनेक दशके वापरात राहिली, म्हणून हा धोका आपल्यालाही लागू आहे.

त्या मुलाची चाचणी पुढे मराठीतून, अलीकडच्या मानकांवर पुन्हा झाली. बुद्ध्यंक सर्वसाधारण निघाला, पण वाचनातली अडचण खरी होती आणि तिच्यावर उपचार दोन वर्षे उशिरा सुरू झाले. आता कोणी अहवाल आणला, की आकड्याआधी मी चार गोष्टी विचारतो: चाचणी कोणत्या भाषेत घेतली, मानके कोणत्या मुलांवरून ठरवली, ती कोणत्या साली ठरवली, आणि चाचणी कशासाठी घेतली. हे पालकांनीही विचारावे. विचारण्याचा त्यांना हक्क आहे.