ज्युबिली आणि विसाव्याचा दिवस

"ज्युबिली" हा शब्द आज आपल्या मुखीं सहज येतो. परंतु त्याचें मूळ विश्रांतींत आहे, हें पुष्कळांच्या ध्यानीं नसतें. इब्री भाषेंत "योबेल" म्हणजे एडक्याचें शिंग. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायाप्रमाणें सात वेळां सात वर्षें लोटलीं म्हणजे तें शिंग फुंकून पन्नासावें वर्ष पवित्र करावयाचें असे. त्या वर्षीं पेरणी नाहीं, कापणी नाहीं. दास मोकळा होई आणि विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाई. म्हणजे मनुष्याबरोबर भूमीलाही विसावा. ख्रिस्तसभेनें पहिली ज्युबिली १३०० सालीं पोप आठवे बोनिफास ह्यांच्या काळीं रोम येथें पाळली. पुढें १४७० सालीं पोप दुसरे पॉल ह्यांनीं ती दर पंचवीस वर्षांनीं यावी असें ठरविलें. तेव्हां ज्युबिली म्हणजे केवळ मांडव, मेजवानी व मिरवणूक नव्हे. थांबून देवाकडे तोंड फिरविण्याचा तो काळ होय.

ज्युबिलीचें हें झाड तिसऱ्या आज्ञेच्या बीजांतून उगवलें. त्या आज्ञेंत विसावा एकट्या घरधन्याला दिलेला नाहीं. दास, दासी, परका, इतकेंच काय पण बैल व गाढव ह्यांचाही तेथें नांवानिशीं उल्लेख आहे. आपल्या विदर्भांतील शेतकऱ्याला हें समजावून सांगावें लागत नाहीं. श्रावणी अमावास्येस पोळ्याच्या दिवशीं तो बैलाच्या खांद्यावर जूं ठेवीत नाहीं. त्याला न्हाऊं घालतो, सजवितो व गोड घास भरवितो. जो बैलाला विसावा देतो, त्यानें तो आपल्या आत्म्याला नाकारावा काय?

प्रभु मेलेल्यांतून उठला तो आठवड्याचा पहिला दिवस. म्हणून ख्रिस्ती लोक आरंभापासून त्या दिवशीं पवित्र भोजनासाठीं जमूं लागले. परंतु तीनशें वर्षें त्यांना त्या दिवशीं सुटी नव्हती. ३२१ सालीं बादशहा कॉन्स्टंटाइन ह्यानें न्यायाधीश, शहरवासी व कारागीर ह्यांना रविवारीं विश्रांतीचा हुकूम दिला. मात्र पेरणीची वेळ हुकूं नये म्हणून शेतकऱ्याला त्यांतून वगळलें. ५३८ सालीं ऑर्लेआं येथील धर्मपरिषदेनें नांगरणी, कापणी इत्यादि शेतकामें रविवारीं टाळावीं असें ठरविलें, आणि कारण दिलें तें एवढेंच कीं लोकांना देवळांत येण्यास सवड व्हावी.

आपल्या महाराष्ट्रांत गिरणीकामगारांना रविवार मिळवून दिला तो एका ख्रिस्तीतर सत्पुरुषानें, ही गोष्ट आपण कृतज्ञतेनें स्मरली पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व "दीनबंधु" पत्राचे संपादक. १८८४ सालीं त्यांनीं मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या. दर रविवारीं सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, वेळेवर पगार, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारें ५,५०० कामगारांनीं सह्या केल्या. मालकांनीं कानाडोळा केला. तरी लोखंडे थकले नाहींत. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं आठवड्याची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षीं, १५ मे १८९१ रोजीं, पोप तेरावे लिओ ह्यांनीं श्रमिकांविषयींचें आपलें सुप्रसिद्ध परिपत्रक काढलें. त्यांतही रविवारची विश्रांति हा मजुराचा हक्क असून ती आळसासाठीं नव्हे तर देवाच्या भक्तीसाठीं आहे, असें प्रतिपादन आहे. रोम व मुंबई ह्यांची ओळख नव्हती. पण न्याय एकच होता.

नुसती सुटी मात्र पुरेशी नसते. तिच्यांत आत्म्याला अन्न मिळालें पाहिजे. १५२२ सालीं संत इग्नाती मानरेसा येथें एकांतांत राहिले, आणि त्यांच्या त्या अनुभवांतून आध्यात्मिक साधनेची पद्धति जगभर पसरली. १९२२ सालीं पोप अकरावे पायस ह्यांनीं त्यांना अशा साधनांचे आश्रयदाते ठरविलें. आपल्या भारतांत केरळांतील मान्नानम येथें १८३१ सालीं ज्या धर्मसंघाचा पाया घातला गेला, त्याच्या संस्थापकांपैकीं एक संत कुरियाकोस एलियास चावरा हे धर्मग्रामांतून साधना घेत फिरत असत. त्याच संघाकडे १९६२ सालीं चांदा प्रांताचें मिशनकार्य सोंपविण्यांत आलें व १९७७ सालीं तेथें धर्मप्रांत स्थापन झाला. अहेरी त्या वेळीं चांदा जिल्ह्यांतच होती. गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं वेगळा झाला. अशा रीतीनें मान्नानमची एकांताची परंपरा प्राणहितेच्या तीरावर आपल्यापर्यंत पोंचली आहे.

आतां खरा प्रश्न आपल्या दाराशीं आहे. ह्या अरण्यांत मोह गळतो तो उपवासकाळाच्या दिवसांत, आणि तोही भल्या पहांटे. तेंदूपत्त्याचा हंगाम येतो तो उन्हाळ्यांत, थोड्या दिवसांचा. त्यावर घराचा बराच खर्च अवलंबून असतो. आषाढांत रोवणी थांबत नाहीं. अशा वेळीं ज्याच्या घरीं रोजच्या कमाईवाचून चूल पेटत नाहीं, त्याला दोष देणें सोपें आहे. पण तें ख्रिस्ताच्या मनाचें लक्षण नव्हे. प्रभूनें थकलेल्या शिष्यांना निर्जन स्थळीं नेलें, आणि तेथेंही लोक आले तेव्हां त्यांचा कळवळा करून त्यांना शिकविलें. विसावा दयेपुढें वांकतो; लोभापुढें त्यानें वांकूं नये.

म्हणून विसाव्याचा भार एकट्या गरिबावर टाकूं नका. ज्यांच्या हाताखालीं माणसें राबतात, त्यांनीं रविवारचा रोज न कापतां त्यांना मिस्सेला येऊं द्यावें. हंगामांत शेजाऱ्यांनीं एकमेकांचीं मुलें व गुरें आळीपाळीनें सांभाळावीं. आणि घरांतल्या माउलीकडे पहा! पुरुष रविवारीं ओट्यावर बसतो, तेव्हां पाणी व सरपण कोण आणतें? आज्ञेंत बैलाचें नांव आहे, तर तिचें नाहीं काय? त्या दिवशीं घागर पुत्रानें उचलावी. तिला अर्धा तास देवापुढें स्वस्थ बसूं द्यावें.

बंधुभगिनींनो, शिंग फुंकलें गेलें आहे. ह्या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें एक दिवस तरी एकांत, प्रार्थना व पापनिवेदन ह्यांसाठीं राखावा, आणि आपल्यामुळें दुसऱ्या कोणाचा विसावा हिरावला जात नाहीं ना, हें तपासावें. जो दिवस प्रभूनें आपल्याला दिला, तो आपण एकमेकांना देऊं या. म्हणजे आपली ज्युबिली त्याच्या चरणीं रुजू होईल.