पहिले हेअर ट्रान्सप्लांट कधी करावे?

मुलाचा निकाह चार महिन्यांवर आला, कपाळ मोठे दिसू लागले, की घरात हेअर ट्रान्सप्लांटची चर्चा सुरू होते. खर्च विचारला जातो, क्लिनिक पाहिले जाते. पण ‘आत्ताच करायचे का?’ हा प्रश्न राहून जातो. तो आधी पाहू.

साठा मर्यादित आहे
ट्रान्सप्लांटमध्ये नवे केस तयार होत नाहीत. डोक्याच्या मागचे आणि बाजूचे, सहसा न गळणारे केस मुळासकट काढून पुढे लावतात. जिथून मूळ काढले, तिथे ते परत उगवत नाही. २१-२२ व्या वर्षी हा साठा पुढच्या रेषेतच खर्च केला आणि त्यामागचे केस गळतच राहिले, तर पुढे पट्टी आणि मागे टक्कल असे दिसते. म्हणूनच पंचविशीच्या आतल्या मुलांना बरेच डॉक्टर थांबायला सांगतात. अब्बा, चाचा, मामू यांचे टक्कल कुठवर गेले, हेही डॉक्टरांना सांगा.

आधी कारण शोधा
टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण किंवा मोठ्या ताणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्याने गळतात. ते बहुधा आपोआप परत येतात. रक्त कमी असणे किंवा थायरॉइड हेही कारण असू शकते. चाई पसरत असेल तर ट्रान्सप्लांट करत नाहीत. वंशपरंपरेचे टक्कल असेल तर डॉक्टर मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड सुचवतात. फिनास्टेराइडचे लैंगिक दुष्परिणाम काहींना होतात, म्हणून मनानेच घेऊ नका. औषधाचा परिणाम कळायला ६ ते १२ महिने लागतात. दर तीन महिन्यांनी त्याच उजेडात फोटो काढा. गळती थांबलेली दिसली, तर ट्रान्सप्लांटचा विचार करायला हरकत नाही.

तारीख ठरवताना
लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळून पडतात. घाबरू नका, मूळ आत राहते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे केस येऊ लागतात आणि पूर्ण निकाल दिसायला वर्षभर लागते. म्हणजे चार महिन्यांवरच्या निकाहसाठी आज ट्रान्सप्लांट करून फायदा नाही. उमराहला जायचे असेल तर डोक्यावर वस्तरा कधी चालेल, हे आधी विचारून घ्या. सुरुवातीचे काही दिवस वाकणे, घट्ट टोपी, डोके चोळणे टाळावे लागते. सजदा आणि वुजूतला मसह कसा करायचा, हे डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारा. स्वतःचेच केस लावणे आणि दुसऱ्याचे केस जोडणे यांत अनेक उलमा फरक करतात. तरी मनात शंका असेल तर आपल्या आलिमांशी बोला.

कोणाकडून करावे?
२०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडेच जा. भूल कोण देणार, छेद कोण घेणार, तातडीची सोय काय आहे, हे स्पष्ट विचारा. मधुमेह, रक्तदाब, ॲलर्जी, चालू गोळ्या लपवू नका. ‘आजच बुकिंग करा, सूट मिळेल’ असे कोणी म्हटले तर तिथून उठा.

टक्कल हा काही जीवघेणा आजार नाही. सहा महिने थांबल्याने फारसे बिघडत नाही, पण घाईत गेलेला साठा परत मिळत नाही. आणि नाही केले तरी चालते, हेही घरातल्या मोठ्यांनी मुलाला सांगायला हवे.