घरातील गारवा आणि ऊब : संकेश्वर परिसरासाठी साधनांची निवड व निगा

संकेश्वरहून गडहिंग्लज, आजरा व आंबोलीमार्गे बांद्याला जाणारा रस्ता गोव्याच्या सीमेपाशी उतरतो. त्याच्या एका टोकाला हिरण्यकेशीच्या काठचे कोरडे पठार आहे, तर दुसऱ्या टोकाला दमट किनारा. त्यामुळे घर थंड वा उबदार ठेवण्याची जी साधने एका टोकाला उपयोगी पडतात, ती दुसऱ्या टोकाला निरुपयोगी ठरू शकतात.

कूलर : पाण्याचे बाष्पीभवन होताना हवेतील उष्णता शोषली जाते, हे कूलरचे तत्त्व. हवा ३८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ३० टक्के असेल, तर चांगला कूलर सुमारे २८ अंशांची हवा देऊ शकतो. संकेश्वर-निपाणी भागातील कोरड्या उन्हाळ्यात म्हणूनच तो पुरेसा ठरतो. किनाऱ्यावर ३३ अंश व ७० टक्के आर्द्रता असताना तोच कूलर जेमतेम तीन-चार अंशांचा फरक पाडतो आणि खोलीतील दमटपणा मात्र वाढवतो. कूलर लावताना खिडकी उघडी असावी. बंद खोलीत त्याचा उपयोग होत नाही. टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करावी, अन्यथा डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची तेथे पैदास होते. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग असलेच पाहिजे. पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढावा.

वातानुकूलन यंत्र : एक टन क्षमता म्हणजे ताशी सुमारे १२,००० बीटीयू उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती. सुमारे १२० चौरस फुटांच्या खोलीला ती सहसा पुरते. वरचा मजला आणि तापणारा स्लॅब असेल, तर दीड टन घ्यावा लागतो. १ जानेवारी २०२० पासून स्टार-मानांकित यंत्रांचे मूळ तापमान २४ अंश ठेवण्यात आले आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते, तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते. गाळणी दर पंधरवड्याला धुवावी. यंत्रातील गॅस वापराने संपत नाही. तो वारंवार भरावा लागत असेल, तर गळती आहे असे समजावे आणि आधी ती बुजवून घ्यावी. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत बाहेरच्या यंत्राची जाळी लवकर गंजते, म्हणून तेथे ती अधिक वेळा धुवावी लागते.

आंघोळीचे पाणी : जळणावरचा तांब्याचा बंब अनेक घरांत अजूनही आहे. विजेच्या गिझरमध्ये १५ लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर नेण्यास अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते. दोन किलोवॅटच्या गिझरला सुमारे पंधरा मिनिटे पुरतात. म्हणून तो दिवसभर चालू ठेवू नये. बोअरवेलचे पाणी जड असेल, तर तापकावर क्षारांचा थर बसतो. तो वर्षातून एकदा काढून घ्यावा. सौर जलतापक घेतानाही पाण्याची तपासणी करावी. जड पाण्याने चपट्या पत्र्याच्या प्रकारातील तांब्याच्या बारीक नळ्या तुंबतात. अशा ठिकाणी काचेच्या नळ्यांचा प्रकार सोयीचा.

प्राणघातक धोका : हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे, किंवा हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरात गॅस गिझर लावणे, या दोन्ही सवयी जीवावर बेतू शकतात. अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो. डोके जड होणे, मळमळणे, भोवळ येणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी माणसाला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा. थंडीवर शेगडीपेक्षा जाड पांघरूण केव्हाही बरे.

नवे यंत्र घेण्यापूर्वी छताकडे पाहावे. स्लॅबवर पांढरा चुना, पश्चिमेच्या भिंतीवर सावली आणि कौलांखाली लाकडी माळा एवढ्यानेही खोलीतील उकाडा कमी होतो व लहान यंत्र पुरते.